कॅन्सर वॉर्डातले रेक्टल स्वॅब : लॅबला नवीन लागणाऱ्यांसाठी

डीएमएलटी करून मी एका कॅन्सर हॉस्पिटलच्या मायक्रो लॅबला लागलो आणि पहिल्याच आठवड्यात रेक्टल स्वॅबचं (गुदद्वारात कापसाची काडी फिरवून घेतलेल्या नमुन्याचं) टेबल माझ्या गळ्यात पडलं, नकोसं काम नवीन पोराला, सगळीकडे तसंच असतं. ब्लड कल्चरला (रक्तातले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला) जो मान असतो तो स्वॅबला नाही. पण केमोनंतर न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेले की पेशंटच्या आतड्यातलाच जंतू रक्तात शिरू शकतो, आणि तो मेरोपेनेमसारख्या जबर अँटिबायोटिकलाही दाद देत नसेल तर ताप आल्यावर तीन दिवस कल्चरची वाट बघायला वेळ नसतो, म्हणून ॲडमिशनलाच स्वॅब.

आमची पद्धत साधी. ५ एमएल सोय ब्रॉथमध्ये (जंतू वाढवायच्या द्रवात) १० मायक्रोग्रॅमची मेरोपेनेम डिस्क टाकायची, त्यात स्वॅब बुडवून रात्रभर ३५ डिग्रीला ठेवायचं, सकाळी व्होर्टेक्स करून (मशीनवर जोरात हलवून) १०० मायक्रोलिटर मॅकॉन्कीच्या प्लेटवर. दुसऱ्या दिवशी गुलाबी कॉलन्या (जंतूंचे ठिपके) बघायच्या, क्लेबसिएला हा जंतू बऱ्याचदा अशी फुगीर आणि चिकट असते की लूप लावून उचललं की पाकासारखी तार निघते. मग आयडी (जंतू कोणता), सेन्सिटिव्हिटी (कोणतं औषध चालेल), म्हणजे तीन दिवस गेलेच. जीनएक्सपर्ट मशीनवर तासाभरात एनडीएम, ओएक्सए-४८, केपीसी वगैरे जीन, म्हणजे जंतूला मेरोपेनेम पचवायला लावणारे, कळतात पण कार्ट्रिज महाग, सरसकट नाही परवडत. जीनचं तुला काय करायचंय असं कोणी म्हणेल, तरी माहीत असू द्या : सेफ्टाझिडिम-ॲविबॅक्टम हे अँटिबायोटिक ओएक्सए-४८ वर चालतं, एनडीएमवर एकटं चालत नाही, सोबत ॲझट्रिओनाम हे दुसरं औषध लागतं. एनडीएम दिसला की फोन चहा पिऊन झाल्यावर करायचा नसतो.

आता खरी गोम. स्वॅबवर शीचा रंगच नसेल तर तो स्वॅब नाही, नुसती काडी आहे, त्यावरचा निगेटिव्ह रिपोर्ट म्हणजे फसवणूक. परत पाठवा, सिस्टर चिडल्या तरी. मी मात्र एकदा असाच तोऱ्यात परत पाठवला तर वॉर्डच्या सिस्टर स्वतः खाली आल्या, म्हणाल्या, "प्लेटलेट किती आहेत बघितल्यास का रे? आत काडी घालायची कशी?" प्लेटलेट कमी असल्या की काडी लागून रक्त वाहू शकतं. तेव्हापासून न्यूट्रोफिल किंवा प्लेटलेट पडलेल्या पेशंटचा मी डबीत शीचा नमुना मागतो, काम तेवढंच होतं.

दुसरी चूक माझी त्याहून मोठी. वॉर्डला फोन करून म्हणालो, "बारा नंबर पॉझिटिव्ह." तिकडे ते कुणीतरी मोठ्याने म्हटलं असणार, कारण अर्ध्या तासात पेशंटचा मुलगा लॅबच्या खिडकीशी, चेहरा पांढराफटक, "दादा, आईचा कॅन्सर परत पॉझिटिव्ह आला का?" आणि वर ज्युनिअर डॉक्टरने ताप नसताना कोलिस्टिन हे अँटिबायोटिक लिहून ठेवलेलं, ते आमच्या लॅबच्या मॅडमनी जाऊन थांबवलं. जंतू आतड्यात नुसता राहतोय, आजार केलेला नाही, याला आपण कोलोनायझेशन म्हणतो आणि त्याला औषध नसतं, पेशंट वेगळा ठेवायचा, गाऊन-ग्लोव्ह्ज घालायचे, एवढंच. आता फोनवर मी पूर्ण वाक्य बोलतो, "स्क्रीनिंगचा स्वॅब आहे, इन्फेक्शनचा रिपोर्ट नाही."

त्या मुलाला बाकावर बसवून हेच साध्या भाषेत सांगितलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मग आईला मी भरवू ना?"

"भरवा की. आधी हात धुवा, नंतर पण धुवा."