गल्लीची बैठक बोलावण्याआधी

बेळगावातल्या आपल्या गल्लीत पंच मंडळींनी बैठकीची तारीख धरली की त्याआधी आठवडाभर वही घेऊन गल्ली दोनदा पायी हिंडा. एकदा नळाला पाणी येतं त्या वेळी, एकदा रात्री दिवे लागल्यावर. कुठल्या घरापर्यंत पाण्याला जोर आहे, कुठल्या खांबावर अंधार आहे, कुठलं गटार कुठल्या वळणावर तुंबतं, हे जागच्या जागी लिहा. गेल्या पावसाळ्यात आमच्या कोपऱ्यावरच्या चेंबरचं झाकण तुटलं. कुणीतरी आत झाडाची फांदी खोचली, वर लाल फडकं बांधलं, आणि दिवाळीपर्यंत ते तसंच होतं. ‘स्वच्छ, सुंदर गल्ली’ हा ठराव आम्ही आधीच एकमताने केला होता. झाकण कोण बसवून घेणार, हे वहीत कुठेच नव्हतं.

म्हणून यावेळी कामं तीनच धरा, आणि प्रत्येकापुढे तारीख व माणसाचं नाव लिहा. ‘गटार सुधारणे’ असं लिहू नका. ‘१५ मेच्या आत गाळ काढायचा आणि काठावर न ठेवता त्याच दिवशी उचलायचा’ असं लिहा. काठावरचा गाळ पहिल्या वळवातच परत गटारात जातो. बळ्ळारी नाल्याकडच्या वस्तीला हे सांगायला नको.

गल्लीत जुनी विहीर असेल तर तिला पहिला मान द्या. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी खोदलेली टिळकवाडीतली विहीर आजही आहे. आपल्या आजोबांनी बांधलेल्या आडात आपण निर्माल्य टाकावं, हे मला बघवत नाही. मे महिन्यात दोरीला दगड बांधून पाणी किती हात आहे ते मोजा.

बैठक शाळेच्या व्हरांड्यात घ्या, म्हणजे कन्नड आणि उर्दू बोलणारे शेजारीही मोकळेपणाने येतील. भाडेकरूंना विसरू नका. वडगाव-खासबागेत मागावर बसणाऱ्यांसाठी वेळ रात्रीचीच ठेवा. पाणी भरणाऱ्या वहिनी-मावशींना आधी बोलू द्या. कुठे किती घागरी कमी पडतात, हे त्यांनाच ठाऊक असतं.

अर्जाचंही आधीच बघा. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाने मराठीत गाऱ्हाणं मांडायचा हक्क आपल्याला आहे, तो बजावाच. सोबत कन्नड प्रत जोडा. काम लवकर व्हावं म्हणून, हक्क सोडला म्हणून नव्हे. माहिती अधिकाराचा अर्ज कर्नाटकात १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लागतो, तेव्हा पाणी आणि दिवे एकत्र घालू नका. पैसे लागणारी मागणी डिसेंबरातच नगरसेवकांच्या हाती द्या. महापालिकेचं आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, मार्च उलटल्यावर गेलेला अर्ज वर्षभर पडून राहतो.

आवक शिक्का मारलेली प्रत मंडळाच्या फाईलला लावा, आणि महिन्याने तीच वही घेऊन पुन्हा गल्ली हिंडायची तारीख बैठकीतच ठरवून घ्या.