फेब्रुवारीतली बाग: खान्देशच्या उन्हाळ्याआधी उरकायची कामं

बागकामाचे व्हिडिओ बघितले की फेब्रुवारी म्हणजे वसंताची तयारी, नवी रोपं, रंगीत फुलं असं सगळं दाखवतात. पण आपल्या जळगाव, धुळे, नंदुरबारकडे वसंत येतो कधी आणि जातो कधी ते कळतच नाही, होळी झाली की ऊन लागायला लागतं आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराला भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ ला टेकलेला असतो. त्यामुळे आपल्याकडे आता जे काही करायचं ते झाड मे महिन्यात जगलं पाहिजे या हिशोबाने करायचं. छाटणी केली, कुंडी बदलली की झाडाला नवी मुळं आणि पालवी धरायला महिना-सव्वा महिना लागतो, तो वेळ ऊन तापायच्या आधी मिळाला पाहिजे. म्हणून रात्री गार आहेत तोवरच, साधारण महाशिवरात्रीच्या आत ही मोठी कामं संपवा.

पहिलं काम छाटणीचं. सिकेटर नाहीतर चांगली धारदार कात्री घ्या, स्पिरिटने पुसून घ्या, आणि एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना परत पुसा, रोग असाच पसरतो.

मोगऱ्यापासून सुरुवात करा, कारण त्याला ही छाटणी सगळ्यात जास्त मानवते. आधी आठ-दहा दिवस पाणी तोडायचं (कुंडीत असेल तर अगदी कोरडं ठणठणीत नको, अधूनमधून थोडं शिंपडा), पानं पिवळी पडून गळायला लागली की उरलेली हाताने काढून टाका आणि झाड गुडघ्याएवढं ठेवून वरचं कापा. काडीसारख्या बारीक, वाळक्या, आत आत वाढलेल्या फांद्या मुळापासून काढा. मग बुडाची माती दोन-तीन इंच उकरून एक-दोन दिवस ऊन खाऊ द्या, कुजलेलं शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळून माती परत ओढा आणि भरपूर पाणी द्या. नवीन फुटवा निघतो त्याच्याच टोकाला कळ्या येतात, त्यामुळे जितके फुटवे तितकी फुलं. छाटायला जीव होत नाही म्हणून नुसते शेंडे खुडणारे खूप जण बघितलेत, त्यांच्या मोगऱ्याला पानंच जास्त येतात.

जास्वंदीचा एक तृतीयांश भाग कापला तरी चालतो. कापताना पानांच्या बगलेत पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण, ऊन वाढलं की तो झपाट्याने वाढतो, तेव्हा ती फांदी कापून पिशवीत बांधून टाकून द्या, कंपोस्टमध्ये नको. बाकी झाडावर संध्याकाळी नीमतेल फवारा, एका लिटर पाण्याला ५ मिली आणि भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. गुलाबाची मोठी छाटणी आपल्याकडे ऑक्टोबरमध्ये होते, आता फक्त सुकलेली फुलं आणि वाळक्या काड्या काढा, जोराने छाटलंत तर कोवळी पालवी मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते. शेवंतीची फुलं संपली असतील तर चार बोटं ठेवून कापा, बुडातून जे पिल्लू फुटवे येतात ते सावलीत जपून ठेवले की पुढच्या हंगामाची रोपं झाली. तुळशीच्या मंजिऱ्या खुडून घ्या.

आता कशाला हात लावायचा नाही तेही बघा. आंबा मोहरावर असेल तर त्याला छाटू नका आणि पाणीही देऊ नका, कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की मग पाणी सुरू करायचं. शेवगा सध्या फुलावर-शेंगांवर असतो, शेंगा संपल्या की त्याचं बघू. लिंबाला आंबे बहाराची (म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या बहराची) फुलं आलेली असतील, त्याचे फक्त सरळ वर गेलेले जाडजूड पाणसोट आणि वाळलेल्या फांद्या काढा, बास. लिंबाच्या आणि कोवळ्या आंब्याच्या खोडाला बोर्डोपेस्ट लावून ठेवली तर बुरशीही अडते आणि ऊन लागून साल तडकतही नाही. घरापुरती करायची तर १०० ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, १०० ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. बादली प्लास्टिकचीच घ्या, लोखंडाची नको.

आता माती. आपली काळी माती वावरात सोनं आहे, पण नुसती कुंडीत भरली की ओली असताना चिकट गोळा होतो आणि वाळली की भेगा पडून कडेने पाणी सरळ खाली निघून जातं, झाड तहानलेलंच राहतं. दोन घमेली माती, एक घमेलं जुनं कुजलेलं शेणखत, एक घमेलं कोकोपीट (आधी दोनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात), अर्धं घमेलं जाड वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड एवढं मिसळलं की काम भागतं. ज्या कुंडीच्या भोकातून मुळं बाहेर आलीत तीच बदला, सगळ्या उपसत बसू नका. ताजं शेण अजिबात नको, त्याने उष्णता होते आणि हुमणीही (मुळं खाणारी अळी) येते. बोअरचं पाणी वापरत असाल तर मातीवर पांढरा थर दिसेल, तो वरचा इंचभर खरवडून टाका आणि एकदा कुंडीच्या खालून धो धो वाहीपर्यंत पाणी सोडा म्हणजे साचलेले क्षार निघून जातात.

आच्छादन हे मला सगळ्यात महत्त्वाचं काम वाटतं आणि लोक नेमकं तेच सोडतात. उघड्या मातीतलं पाणी उन्हाने उडतं, झाकलेल्या मातीतलं टिकतं, एवढी साधी गोष्ट आहे. आणि आपल्याकडे आच्छादनाला पैसे घालायची गरजच नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कडुनिंबाची पानगळ होते, ती झाडून लोक पेटवून देतात, ते बघून खरंच वाईट वाटतं, ती पानं पोत्यात भरून ठेवा. भुईमुगाची टरफलं, गव्हाचं कुटार, उसाची चिपाडं काहीही चालतं. केळीचा पट्टा जवळ असेल तर घड काढलेल्या झाडाचं खोड मिळतं का बघा, त्याचे हातभर तुकडे उभे चिरून आळ्यात पालथे ठेवले की कितीतरी दिवस ओल धरतात आणि हळूहळू कुजून खतही होतं. थर दोन-तीन इंचांचा द्या, खोडाला मात्र चिकटवू नका, दोन बोटं जागा सोडा नाहीतर बुड कुजतं. वाळवीची भीती असेल तर खाली निंबोळी पेंड पसरा.

जमिनीतल्या झाडांना आच्छादनाआधी आळं नीट करून घ्या. लिंबाला दुहेरी आळं करा, म्हणजे खोडाभोवती मातीचा उंचवटा आणि त्याच्या बाहेर बांगडीसारखी चर, पाणी चरीत सोडायचं, खोड कोरडं राहतं आणि डिंक्याचा (खोडातून डिंक गळण्याच्या रोगाचा) त्रास कमी होतो. झाडाचा घेर जिथे संपतो तिथेच पाणी पिणारी मुळं असतात, खोडाशी पाणी ओतून उपयोग नाही.

भाज्यांचं बोलायचं तर मेथी-पालक आता तुऱ्यावर येतील, काढून घ्या. घरच्या देशी भरताच्या वांग्याचं बी धरायचं असेल तर एक चांगलं निरोगी वांगं झाडावरच पिवळं होऊ द्या, मग बी धुऊन सावलीत वाळवून राखेत ठेवा. मोकळ्या झालेल्या जागेत गिलके, दोडके, कारली, काकडी, भेंडी, गवार लावा. थंडीत पेरलेलं बी नुसतं पडून राहतं नाहीतर सडतं, म्हणून रात्रीचा गारठा मोडला की लगेच पेरा, पण फेब्रुवारी संपायच्या आत. उशीर झाला तर वेल चांगले वाढतात पण कडक उन्हात त्यांना नर फुलंच जास्त येतात, मादी कमी, आणि मग वेलावर नुसती पिवळी फुलं बघत बसावं लागतं. गिलके-कारल्याचं बी रात्रभर भिजवा, इंचभर खोल लावा. मांडवाला तुराट्या उत्तम, पऱ्हाटीच्या (कापसाच्या झाडाच्या) काड्या आणू नका, त्यांच्यावर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी लपलेली असते आणि आसपास कापसाची वावरं असतील तर तो त्रास सगळ्यांना होतो.

नवीन आंबा, चिकू, पेरूची कलमं मात्र आता लावू नका. नर्सरीत कितीही चांगली दिसू देत, पावसाळा सुरू झाला की लावा. कोणी भेट दिलंच तर पिशवीतच सावलीत सांभाळा.

गच्चीवर बाग असेल तर शेडनेटची तयारी आत्ताच करा, मार्च-एप्रिलमध्ये सगळे एकदम धावतात. फुलझाडं-भाज्यांना ५० टक्के सावलीची नेट पुरते, मनीप्लांटसारख्यांना ७५ टक्के. डोक्यावरून दोन हात तरी उंच बांधा म्हणजे खाली गरम हवा कोंडत नाही, आणि पश्चिमेकडची बाजू खालपर्यंत झाका, दुपारनंतरचं ऊन तिकडूनच मारतं. दोऱ्या पक्क्या हव्यात कारण मार्चात अवकाळी वादळ आलं की नेटसकट बांबू उडतात. कुंड्या स्लॅबवर थेट ठेवू नका, विटांवर ठेवा, जवळजवळ ठेवा, मोठ्या बाहेर आणि छोट्या आत. काळ्या पिशव्या आणि डबे असतील तर बाहेरून चुना मारा.

राहिलं पाणी. खूप गावांत नळ चार-सहा दिवसांनी येतो, त्यामुळे मडकं पुरायची पद्धत मला सगळ्यात भरवशाची वाटते. रंग न दिलेलं, पाझरणारं मातीचं मडकं घ्या, घरातलं मागच्या वर्षीचं जुनं असेल तर आधी त्यात पाणी भरून बाहेरून ओलं होतंय का बघा, कारण क्षारांनी छिद्रं बुजलेली असतात. झाडापासून हातभर अंतरावर मानेपर्यंत पुरा, भरा, आणि वर झाकण ठेवा, नाहीतर डास होतात. वेलवर्गीय भाज्यांना एका मडक्याभोवती तीन-चार बिया लावल्या की मुळं आपोआप मडक्याकडे जातात. मोठ्या कुंडीत छोटी मटकी बसते. सुरुवातीचे काही दिवस वरूनही पाणी द्या, मुळं तिथपर्यंत पोचली की मग नुसतं मडकं भरत राहायचं, थंडी आहे तोवर आठवड्यातून दोनदा, आणि एप्रिलपासून रोज संध्याकाळी हात घालून बघायचं, निम्म्याच्या खाली गेलं असेल तर भरायचं.