मत्स्यटाकीतले फर्न घरी वाढवताना: खानदेशासाठी पावसाळी सल्ला

मृगाचा पाऊस होऊन हवेत ओल धरली की तिथून पोळ्यापर्यंतचा काळ जावा फर्न आणि बोल्बिटिस या पाण्यात वाढणाऱ्या दोन फर्नची (नेच्यांची) रोपे वाढवायला आपल्याकडे सर्वांत चांगला. दोन्हींना साधारण २२ ते २८ अंशांचे पाणी मानवते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा नवी रोपे करायला कंद (फर्नचे आडवे सरपटणारे खोड) कापला तर जखम भरण्याआधीच तो सडायला लागतो. धुळ्याकडे कडाक्याच्या थंडीत पारा १० च्या खाली उतरतो, तेव्हा वाढ जवळजवळ थांबते. म्हणून विभागणी करायची असेल तर आत्ता करा, आखाजीपर्यंत थांबू नका.

आपला हात केळीच्या आणि हळदीच्या कंदाला सरावलेला. कंद दिसला की तो मातीत गाडायचा, ही आपली सवय. या फर्नच्या बाबतीत तीच सवय घात करते. जावा फर्न ईशान्य भारतापासून आग्नेय आशियापर्यंत ओढ्यातल्या दगडांवर आणि झाडांच्या बुंध्यांवर वाढतो. त्याचा कंद उघड्यावरच सरपटतो, मुळे मुख्यतः धरून ठेवण्यासाठी असतात आणि पाने पाण्यातूनच अन्न घेतात. वाळूत पुरलेला कंद आधी मऊ पडतो, मग तपकिरी होऊन घाण वास मारतो. मुळे वाळूत गेली तर चालेल, पण कंद वरच राहिला पाहिजे.

कापण्यासाठी निरोगी झुपका निवडा. कंद बोटाला टणक लागला पाहिजे आणि कापल्यावर आतून हिरवट दिसला पाहिजे. नवे ब्लेड स्पिरिटने पुसून एकाच घावात कापा, कात्रीने चेचू नका. प्रत्येक तुकड्यावर तीन-चार पाने ठेवा. एका पानाचा तुकडाही जगतो, पण तो इतका रेंगाळतो की तेवढ्यात त्याच्यावर शेवाळ चढते. लांब मुळे दोन-तीन सेंटिमीटर ठेवून छाटा आणि तुकडा दगडावर नायलॉनच्या दोऱ्याने बांधा. सुती दोरा मुळे पकडायच्या आतच कुजतो. फेविक्विकचा एक थेंबही चालतो. तो पाण्यात पांढरा पडतो, त्याने काही बिघडत नाही.

दगड आपला काळाच घ्यावा, तो पाण्याचा जडपणा वाढवत नाही. मात्र खानदेशातल्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत कधीकधी पांढरे खडे असतात. त्यावर लिंबू पिळा. फेस आला तर तो चुन्याचा, तो दगड बाजूला ठेवा.

कापाकापी नको असेल तर जावा फर्न स्वतःच पिल्ले देतो. जुन्या पानावर, बहुधा टोकाकडे, काळसर मुळांसह इवलीशी रोपे फुटतात. पानामागे तपकिरी पुटकुळ्या दिसल्या की अनेकजण रोग समजून ते पान फेकून देतात. त्या बीजाणूंच्या पुंजक्या आहेत, पान राहू द्या. पिल्लाला तीन-चार पाने आणि बोटाच्या पेराएवढी मुळे आली की अलगद सोडवून बांधा. बोल्बिटिसवर मात्र पिल्लांची वाट पाहू नका, त्याचा कंदच विभागायचा.

पाण्याचे सांगायचे तर जावा फर्न आपल्या बोअरच्या जड पाण्यातही तगतो. आफ्रिकेतल्या वाहत्या ओढ्यांतला बोल्बिटिस मऊ पाण्यात जास्त खुलतो. त्याच्यासाठी पावसाचे पाणी साठवा, पण पत्र्यावरची पहिली दोन-तीन पाणी वाहून जाऊ द्या. नंतरचे पाणी बोअरच्या पाण्यात निम्मे-निम्मे मिसळा. बोल्बिटिस फिल्टरच्या धारेजवळ बसवा.

आता खताचे. ही झाडे हळू वाढतात म्हणून हात सैल सोडायचा मोह होतो, तो आवरा. टाकीत मासे असतील तर युरिया आणि १९:१९:१९ हे मिश्र खत अजिबात नको. त्यातल्या नत्राचा अमोनिया होऊन मासे मरतात आणि पाण्यात शेवाळ माजते. पाने पारदर्शक होऊन भोके पडत असतील तर बहुतेक वेळा पालाश (पोटॅशियम) कमी पडलेले असते. केळीला सोडता ते ०:०:५० हे पालाशचे खत शंभर लिटर पाण्याला एक ग्रॅम विरघळवून टाका. लिटरमागे चार मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम मिळते, आठवड्याला तेवढे पुरे. फवारणीची बादली, मग किंवा पंप मात्र या कामाला कधीच वापरू नका. कितीही धुतली तरी त्यात राहिलेला कीटकनाशकाचा अंश झिंगे मारायला पुरेसा असतो.

प्रकाश कमीच ठेवा. दिवसाला सहा-सात तास साधा एलईडी पुरतो, थेट ऊन नको. विकत आणलेली रोपे टाकीत सोडण्यापूर्वी लिटरला चमचाभर तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून स्वच्छ धुवा. त्याने बरेचसे गोगलगाईचे ओझे उतरते.

टाकी नसली तरी काम होते. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ओला कोकोपीट पसरा, त्यावर कंद नुसता टेकवा, पाणी शिंपडा आणि झाकण लावून उत्तरेच्या खिडकीत ठेवा. पावसाळ्यातली दमट हवा यात मोठी मदत करते. आठवड्यातून एकदा झाकण उघडून बुरशी पाहा. हवेत वाढलेली पाने पाण्यात गेल्यावर बरीच गळतात, तेव्हा घाबरून झाड उपटू नका. कंद टणक असेल तर पाण्यातली नवी पाने येतात.

नवे पान यायला दोन-तीन आठवडे सहज लागतात आणि एकदा विभागलेल्या मातृझाडाला पुढच्या हंगामापर्यंत हात लावू नये. विक्रीचा विचार असेल तर दोरा न कापता रोप हलकेच ओढून पाहा. मुळांनी दगड धरला असेल तेच द्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीचे तोंड बांधून.