पोपटाच्या पिंजऱ्यातील कागद: काय पाहावे आणि डॉक्टरांकडे केव्हा धाव घ्यावी

मुलुंडच्या आमच्या घरी कॉकाटीलच्या (डोक्यावर तुरा असलेल्या छोट्या पोपटाच्या) पिंजऱ्याखालचा कागद रोज सकाळी बदलला जातो, आणि गुंडाळून टाकण्यापूर्वी तो खिडकीच्या उजेडात नीट न्याहाळला जातो. पोपटवर्गातील पक्षी आजार लपवतात. रानात अशक्त दिसणारा पक्षी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, त्यामुळे पिंजऱ्यातही अंगात त्राण आहे तोवर तो नेहमीसारखाच वागत राहतो. पिसे फुगवून तो तळाशी बसलेला दिसतो, तेव्हा आजार बरेचदा खूप पुढे गेलेला असतो. विष्ठेतील बदल मात्र त्याआधीच कागदावर उमटू शकतो.

क्रॉफर्ड मार्केटमधून पिंजरा आणताना तळाशी पसरण्यासाठी लाकडाचा भुसाही घेतला जातो. पण भुशात ओलावा मुरतो आणि विष्ठेचा आकार व रंग दोन्ही हरवतात. रद्दीतील वर्तमानपत्र चालते, तरी रंगीत जाहिरातींची पाने टाळावीत. कोरा पांढरा कागद सर्वांत बरा.

पक्ष्यांना मूत्राशय नसते. मल आणि मूत्र एकाच वाटेने बाहेर पडतात. त्यामुळे निरोगी विष्ठेत तीन भाग वेगवेगळे ओळखू येतात: वळलेला हिरवा किंवा तपकिरी मल, त्यावर किंवा शेजारी खडूसारखे पांढरे युरेट (मूत्राचा घट्ट भाग), आणि भोवती थोडेसे स्वच्छ पाणी, म्हणजे पातळ लघवी. कागद पाहताना हे तीन भाग एकेक करून पाहावेत, कारण कोणता भाग बदलला यावरच पुढचे सारे अवलंबून असते. बजरीगर, ज्याला आपल्याकडे अनेक जण सरसकट लव्हबर्ड म्हणतात, दिवसातून साधारण 25 ते 50 वेळा शिटतो. मोठे पोपट त्यापेक्षा बरेच कमी. रात्रभर साठलेली सकाळची पहिली विष्ठा मोठी असते, आणि अंडी घालण्याच्या काळात मादीचीही तशीच मोठी असते. त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

सर्वाधिक गैरसमज पातळ विष्ठेबाबत होतो. कागदावर पाण्याचे मोठे वर्तुळ दिसले की ‘जुलाब लागले’ असे म्हटले जाते. परंतु वर्तुळाच्या मध्ये मल नीट वळलेला असेल, तर तो जुलाब नसून लघवी वाढलेली असते. कलिंगड, संत्रे किंवा काकडी खाल्ल्यावर, तसेच रिक्षातून प्रवास झाल्यावर किंवा फटाक्यांच्या आवाजाने बिथरल्यावर असे होते, आणि काही तासांत ते थांबते. फळे बंद करूनही दुसऱ्या दिवशी पाणी तेवढेच राहिले आणि पक्षी वारंवार पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह यांसारखी कारणे असू शकतात. खरा जुलाब वेगळा: त्यात मलालाच आकार राहत नाही, आणि शेपटीखालची पिसे चिकटून घाण होतात.

रंगाच्या बाबतीत आधी आदल्या दिवशीचा आहार आठवावा. बीट, डाळिंब आणि जांभूळ विष्ठा लाल-जांभळी करतात, रंगीत पेलेट्सही (तयार खाद्याच्या गोळ्या) आपला रंग सोडतात. आमच्याकडे एकदा कागदावर लाल डाग पाहून हातपाय गळाले होते. किसलेल्या बिटाची वाटी आठवली, ती बंद केली, स्वच्छ कागद घातला, आणि दुसऱ्या दुपारपर्यंत रंग पूर्ववत झाला. मात्र आहारात तसे काहीच नसेल, तर लाल रंग रक्तच समजावे.

युरेटकडे विशेष लक्ष द्यावे. ते पिवळे किंवा पोपटी दिसू लागले, तर यकृताच्या आजाराची शंका घ्यावी लागते; सिटॅकोसिस या संसर्गातही असे दिसते. परंतु जुन्या विष्ठेतील हिरवा रंग पांढऱ्या भागात झिरपतो, आणि आपल्या दमट पावसाळ्यात, जेव्हा कागद दिवसभर वाळत नाही, तेव्हा तर अधिकच. म्हणून निर्णय नेहमी डोळ्यांसमोर पडलेल्या ताज्या विष्ठेवरून करावा.

काही खुणा दिसल्यास मात्र दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये: रक्त; डांबरासारखी काळी विष्ठा; न पचलेल्या अख्ख्या बिया; आणि अगदी थोडी, गडद हिरवी विष्ठा, कारण तिचा अर्थ पक्षी खात नाही असा असू शकतो. तो बिया सोलून टरफले वाटीत टाकत असल्याने भांडे भरलेलेच दिसते, हेही लक्षात ठेवावे. मादी जोर लावत असूनही विष्ठा होत नसेल, तर अंडे अडकलेले असू शकते, आणि तेथे तासांचा प्रश्न असतो. गॅल्वनाइज्ड तार किंवा खिडकीच्या ग्रीलचा जुना रंग कुरतडण्याची सवय असलेल्या पक्ष्याची विष्ठा बदलली, तर जस्त किंवा शिसे पोटात गेल्याची शक्यता डॉक्टरांना आवर्जून सांगावी. स्वयंपाकघरातील डिजिटल काट्यावर रोज वजन घ्यावे. 90 ग्रॅमच्या कॉकाटीलचे 9 ग्रॅम घटणे ही गंभीर बाब आहे.

कुत्र्या-मांजरांचे सर्वच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, तेव्हा पक्षी धडधाकट असतानाच फोन करून विचारून ठेवावे. जाताना ताजी विष्ठा प्लॅस्टिकच्या स्वच्छ तुकड्यावर घ्यावी, कारण कागद पाणी शोषून घेतो. सोबत आदल्या दिवशीचा कागद, आहाराची यादी आणि फोटो न्यावेत. दुकानातून मिळणारी प्रतिजैविकाची पूड पाण्यात कालवून देऊ नये: आजारी पक्षी पुरेसे पाणी पीत नाही, औषधाचे प्रमाण चुकते, आणि पुढच्या तपासणीत जंतू सापडणे कठीण होते.

सिटॅकोसिस माणसालाही होतो. वाळलेल्या विष्ठेची धूळ श्वासातून आत जाते. म्हणून कागद उचलण्यापूर्वी त्यावर थोडे पाणी शिंपडावे, तो झटकू नये, पिंजऱ्याचा ट्रे स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुऊ नये आणि नंतर हात साबणाने धुवावेत. घरात कुणाला ताप, डोकेदुखी आणि कोरडा खोकला सुरू झाला, तर आपल्या डॉक्टरांना घरी पोपट असल्याचे न विसरता सांगावे.