बक्षीस घेऊन बोलायचंय? आधी हात मोकळे करा

एकांकिका स्पर्धेत अभिनयाचं बक्षीस मिळतं, निवेदक म्हणतो 'दोन शब्द बोला', आणि हातात शाल, श्रीफळ, गुच्छ, ट्रॉफी. कागद काढायचा कुठल्या हाताने? ठाण्याचं गडकरी रंगायतन असो की वाशीचं भावे नाट्यगृह, गंमत तीच.

१. पोस्टकार्डाएवढ्या जाड कागदावर ठळक अक्षरात फक्त नावं लिहा. प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा आधी. पडद्यामागची मंडळीच नेमकी राहून जातात. लेखक-दिग्दर्शक आपोआप आठवतात.

२. शेवटचं वाक्य मात्र पूर्ण लिहा. ते नसलं की भाषण 'आणि... आणि...' करत लांबतं.

३. उभ्याने, घड्याळ लावून वाचा. ऑस्करवाल्यांना ४५ सेकंद मिळतात, आपल्याला एक मिनिट भरपूर. सावकाश बोललात तर शंभरेक शब्द.

४. गुच्छ-श्रीफळ लगेच सहकलाकाराकडे द्या. माइक हातात धरायचा असेल तर ट्रॉफीही टेबलावर ठेवा. मग कार्ड काढा. साडीला खिसा नसतो, तेव्हा कार्ड आधीच मैत्रिणीकडे द्या. ती गुच्छ घेईल आणि कार्ड देईल.

मोबाइलवरून वाचायला जाऊ नका. स्क्रीन ऐन नावाशी लॉक होतो, आणि फोटोत तुम्ही मेसेज बघताय असंच दिसतं.