मोकळ्या वेळात तब्येतीची वाट लावणाऱ्या या चुका टाळा

मी विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकवतो. पाठ धरली, डोकं जड झालं, झोप लागत नाही अशा तक्रारी घेऊन मुलं येतात आणि खापर अभ्यासावर फोडतात. मी आधी विचारतो, तास संपल्यावर काय करता? तिथेच घोळ सापडतो.

सगळी मजा रात्रीवर ढकलणं

दिवस लेक्चर आणि सबमिशनचा, रात्र आपली, असा हिशोब असतो. मग रील्स, सिरीज, गेम यांत रात्रीचे दोन वाजतात. वर ‘रविवारी झोप भरून काढतो’ हे ठरलेलं. एरवी बारा ते सात झोपणारा सुट्टीला तीन ते बारा झोपला, तर त्याच्या झोपेचा मध्य साडेतीनवरून साडेसातवर जातो. म्हणजे चार तासांच्या फरकाच्या देशात जाऊन आल्यासारखंच. याला ‘सोशल जेटलॅग’ म्हणतात. सोमवारी पहिल्या तासाला हीच मंडळी डोळे चोळत बसतात.

मजा कमी करा असं मी सांगत नाही, ती अलीकडे आणा. सिरीजचा भाग संध्याकाळी बघा. सुट्टीच्या दिवशी फार तर तासभर उशिरा उठा. उरलेली झोप दुपारच्या छोट्या डुलकीत काढा. चार्जर पलंगापासून लांब लावा, फोन घ्यायला उठावं लागलं पाहिजे. या वयाला सात ते नऊ तास झोप लागते, आणि ‘मला पाच पुरतात’ म्हणणारे बहुतेक जण माझ्यासमोर जांभया देतच हे सांगतात.

रात्रीच्या कॉफीबद्दल एवढंच: पाच-एक तासांनीसुद्धा तिच्यातलं निम्मं कॅफीन अंगात असतं.

महिनोन्‌महिने बसून एका दिवसात पैलवान होणं

याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. दुसऱ्या वर्षाचा एक मुलगा, पूर्ण सेमिस्टर खुर्चीत गेलेलं. एका संध्याकाळी मित्रांशी पैज लावून त्याने शेकड्यांनी स्क्वॅट मारले. दोन दिवसांनी भिंत धरत माझ्याकडे आला. मांड्या सुजून दगडासारख्या झालेल्या. ‘सर, पेनकिलर घेऊन परत जिमला जाऊ ना?’ लघवीचा रंग विचारला, तर म्हणाला, ‘काळ्या चहासारखा.’ मी त्याला तसाच रुग्णालयात नेला. निदान रॅब्डोमायोलिसिस. यात स्नायू फुटून त्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रथिन रक्तात उतरतं आणि मूत्रपिंडावर येतं. अशा वेळी काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडाला आणखी त्रास देतात. सलाइनवर काही दिवस काढून तो बरा झाला, पण पैज लावणारे मित्र त्याला भेटायला आले ते पुढची पैज ठरवतच!

नव्याने सुरू करणाऱ्याला माझा एकच नियम: पहिले दोन आठवडे ‘अजून जमेल’ वाटत असतानाच थांबायचं. ‘तीस दिवसांत बॉडी’वाले व्हिडिओ बघून आलेल्यांना हे पटत नाही, ते आठवडाभरात गायब होतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2020 ची शिफारस आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायामाची आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीच्या व्यायामाची आहे. रोज अर्धा तास झपझप चाललात तर पाच दिवसांत 150 मिनिटं होतात.

किरकोळ चुका झटपट सांगतो. जिम लावली म्हणून उरलेला दिवस बसून काढू नका, तासाभराने उठा. हेडफोनचा आवाज सरासरी 80 डेसिबलवर असेल तर आठवड्याला 40 तास चालतो, 90 वर गेलात की फक्त चार. स्क्रीनसमोर जेवलात तर किती खाल्लं ते कळत नाही.

आता गेमिंग. इथे चूक मुलांपेक्षा आम्हा मोठ्यांची. खेळणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, म्हणजे आयसीडी-11 मध्ये, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे खरा, पण त्यासाठी खेळावरचा ताबा सुटून अभ्यास, नाती, रोजचे व्यवहार लक्षणीय बिघडलेले असावे लागतात, आणि तेही साधारण वर्षभर. संध्याकाळी दोन मॅच खेळून वेळेवर झोपणाऱ्याला उगाच झापू नका.

आणि हो, ‘सर, यासाठी कुठलं ॲप घेऊ?’ असं विचारत येऊ नका. बूट घालून या.