फेसलेल्या मोहरीला झणका येत नव्हता : माझा अनुभव

ऐरोलीच्या दमट पावसाळ्यात आमच्याकडील मोहरीच्या पुडीत गुठळ्या होत आणि फेसल्यावर ती नाकात न जाता नुसती कडवट लागे, याचा मला फार वैताग आला होता. डबा बदलून किंवा गरम पाणी वापरून फरक पडला नाही.

उपयोगी पडलेला क्रम असा : मोहरी अख्खीच आणावी, न भाजता पंख्याखाली कोरडी करून घट्ट झाकणाच्या बरणीत शेगडीपासून दूर ठेवावी, अशी ती वर्षभर सहज टिकते. लागेल तेवढीच ऐनवेळी कुटून थंड पाण्यात फेसावी आणि दहा मिनिटे झाकून ठेवावी, कारण झणका निर्माण करणारे मायरोसिनेज हे विकर पाण्याने कार्यरत होते, परंतु उकळत्या पाण्याने निकामी होते. लिंबाचा रस त्यानंतरच घालावा. आम्लामुळे आलेला झणका टिकतो.